आधी वाट वेगळी करा, जॅकेट नंतर

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत कुठल्याही गेटवर पाच मिनिटं उभे राहा, एक सीन हमखास दिसतो. आयशर नाहीतर कंटेनर रिव्हर्स घेतोय आणि क्लीनर बरोब्बर गाडीच्या मागे उभा राहून हाताने पत्रा बडवतोय, येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे, बस्स. मागे भिंत, पुढे गाडी, मध्ये तो. ड्रायव्हरला तो दिसत नाही, फक्त ऐकू येतो, आणि "बस्स" ऐकू येईपर्यंत गाडी मागे घेत राहायची असा सगळा हिशोब. आता विचार करा, त्याचा पाय घसरला, किंवा शेजारच्या शेडमधला कंप्रेसर त्याच वेळी सुरू झाला आणि "बस्स" पोचलंच नाही, तर गाडी येतच राहणार. खरं तर पद्धत अशी पाहिजे की सिग्नल देणारा दिसेनासा झाला की ब्रेक. आपल्याकडे सिग्नल आला तर ब्रेक, नाही आला तर चालू द्या.

आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, हे मला जास्त खटकतं. कारण विचारलं तर उत्तर तयार असतं, अहो त्याने जॅकेट घातलंय ना, हेल्मेट आहे ना. काही झालं की पहिला प्रश्नही तोच, हेल्मेट होतं का, बूट होते का, जॅकेट होतं का. नसेल तर संपलं, चूक त्याची. असेल तर "त्याचं लक्ष नव्हतं", म्हणजे परत चूक त्याचीच. मधल्या मध्ये हा प्रश्न कोणी विचारत नाही की मुळात तो माणूस गाडीच्या मागे उभा का होता, त्याला तिथे उभं करणारी व्यवस्था कोणाची होती.

हेल्मेट वरून पडणाऱ्या वस्तूसाठी असतं, नट-बोल्ट, विटेचा तुकडा, खाली वाकलेला पाइप. भरलेला दहा चाकी हायवा, म्हणजे मोठा डंपर, कायदेशीर वजनाचा असला तरी 28 टनांच्या पुढे जातो, आणि कायदेशीर वजनाचा हायवा आपल्याकडे किती चालतात ते जाऊ द्या. त्या चाकाखाली हेल्मेटचं काय होणार? जॅकेटचा उपयोग आहे, मी नाही म्हणत नाही, पण जॅकेट दिसायला ड्रायव्हरची नजर तिथपर्यंत पोचावी लागते. गाडीच्या ज्या बाजूला त्याला आरशातही काही दिसत नाही तिथे तुम्ही पिवळं घाला, भगवं घाला, काय फरक पडतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की जिथे गाड्या आणि मशीन हलतात तिथे सुरक्षेचं काम कामगाराच्या अंगावर घालायच्या कपड्यापासून सुरू होत नाही, जागेच्या नकाशापासून सुरू होतं. माणसाची वाट आणि गाडीची वाट वेगळी करा, जिथे वाटा वेगळ्या होत नाहीत तिथे वेळ वेगळी करा, रिव्हर्स कमीत कमी ठेवा, आणि हे सगळं करायची जबाबदारी ज्याची जागा आहे आणि ज्याचं काम आहे त्याची, मालकाची, मेन कंत्राटदाराची, टेंडर काढणाऱ्या खात्याची. हे झाल्यावर उरेल त्यासाठी ट्रेनिंग आणि जॅकेट. सेफ्टीच्या कुठल्याही कोर्समध्ये पहिल्याच दिवशी हा क्रम शिकवतात, धोका काढून टाका, नाही जमलं तर अडवा, मग नियम, आणि सगळ्यात शेवटी अंगावरची साधनं. आपण शिकतो वरून आणि करतो खालून.

आणि हे काही बाहेरून आणलेलं शहाणपण नाही बरं का. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 29 होतं, त्यात लिहिलं होतं की रुळावरून फिरणाऱ्या क्रेनच्या वाटेवर किंवा वाटेजवळ कोणी काम करत असेल आणि त्याला धक्का लागण्यासारखं असेल तर क्रेन त्या जागेपासून 6 मीटरच्या आत येणार नाही याची पक्की सोय करायची. "कामगाराने लक्ष ठेवायचं" असं नव्हतं लिहिलेलं, क्रेनला अडवायचं असं लिहिलं होतं. 1948 साली ज्यांनी हे लिहिलं त्यांना माणूस थकतो, बोलतो, विसरतो हे माहीत होतं. त्यानंतर फोर्कलिफ्ट आल्या, जेसीबी आले, हायड्रा क्रेन आल्या, काँक्रीटचे मिक्सर आले, आणि आपण तो 6 मीटरचा विचार क्रेनच्या रुळावरच ठेवून दिला.

फोर्कलिफ्टचंच बघा. दिसायला खेळण्यासारखी, म्हणून लोक तिला घाबरत नाहीत. तीन टन उचलणारी फोर्कलिफ्ट स्वतः रिकामी चार टनांच्या वर भरते, म्हणजे चार स्विफ्ट गाड्यांपेक्षाही जास्त. वळते मागच्या चाकावर, त्यामुळे पुढचं तोंड इकडे वळलं की मागचा जड भाग झटक्यात तिकडे फिरतो, आणि बाजूने चालणाऱ्याला वाटतं गाडी तर लांब चाललीये. समोर माल रचलेला उंच पॅलेट असला की ऑपरेटरला पुढचं काही दिसत नाही, अशा वेळी रिव्हर्समध्ये चालवायची असा नियम आहे, पण मान वळवून दिवसभर रिव्हर्स चालवून बघा कोणीतरी, संध्याकाळी मान धरते. मग तो पॅलेटच्या बाजूने वाकून बघत पुढेच चालवतो. बेल्ट लावत नाही, आणि गाडी कलंडली की उडी मारतो, वरची लोखंडी जाळी त्याच्याच अंगावर येते. बेल्ट लावून स्टिअरिंग घट्ट धरून आत बसून राहिला तर वाचायची शक्यता जास्त असते हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. आणि किल्ली? ती गाडीलाच लटकत असते. ऑपरेटर जेवायला गेला की पॅकिंगमधलं कोणीही पोरगं चढतं, "फक्त हा एक पॅलेट बाजूला घेतो".

रिव्हर्सबद्दल थोडं जास्त बोलतो कारण खरी मेख तिथेच आहे. ताशी पाच किलोमीटर म्हणजे माणसाच्या चालीचा स्पीड, त्या स्पीडलासुद्धा गाडी सेकंदाला जवळपास दीड मीटर मागे येते. तुम्ही गाडीच्या मागे दोन-तीन मीटरवर वाकून काही उचलताय तर तुमच्याकडे दोन सेकंद आहेत, त्यात आवाज ऐकू यायचा, कळायचा आणि उठून बाजूला व्हायचं. रिव्हर्स हॉर्न आहे म्हणता, पण यार्डात सहा गाड्या एकाच वेळी पीं पीं करत असतात, त्यातली कुठली माझ्याकडे येतीये हे कानाला कळत नाही, आणि दिवसभर तोच आवाज ऐकून कान बधिर होतात. काही जणांनी तर हॉर्नला गाण्याची ट्यून लावलेली असते, लग्नाच्या वरातीसारखी. आणि ज्यांचा हॉर्न बिघडलाय ते दुरुस्त करत नाहीत, उलट बरं वाटतं त्यांना, कटकट गेली.

बांधकाम कामगारांसाठीच्या 1998 च्या केंद्रीय नियमांत माती उचलणाऱ्या आणि वाहतुकीच्या यंत्रांना रिव्हर्स अलार्म, मागचे दिवे, पुढे-मागे बघायला सर्चलाइट पाहिजे असं स्पष्ट आहे. ते असलंच पाहिजे. पण त्याच्याही आधी प्लॉटचा नकाशा काढताना एका गेटने गाडी आत आणि दुसऱ्या गेटने बाहेर असं गोल फिरवता आलं तर रिव्हर्सच नको. नवीन प्लॉट घेणाऱ्या माणसाला हे फुकट पडतं, फक्त आर्किटेक्टला आधी सांगावं लागतं. सिन्नरला, गोंद्याला, दिंडोरीकडे जे नवीन शेड उठतायत त्यांच्या नकाशात ऑफिसचा एसी कुठे बसणार हे आधी ठरतं आणि ट्रक कुठून वळणार हे शेड उभी राहिल्यावर कळतं.

आता हायड्राकडे येऊ. ज्यांनी साइट बघितलीये त्यांना वेगळं सांगायला नको. पुढे लांब बूम, बूमला साखळीने लटकलेला माल, आणि अख्खी गाडी त्या लटकत्या मालासकट चालत जाते. माल झुलू नये म्हणून एक-दोन पोरं तो हाताने धरून गाडीच्या पुढे चालतात, बऱ्याचदा उलटी, तोंड मालाकडे आणि पाठ रस्त्याकडे. ड्रायव्हरच्या नजरेपुढे बूम आणि माल, पोरं अर्धवट दिसतात किंवा दिसतच नाहीत. खाली सळईचे तुकडे, खड्डे, चिखल. पोरगं अडखळलं की ते कुठे पडणार हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. यात हेल्मेटचा, जॅकेटचा, बुटाचा कशाचाच संबंध नाही, तिन्ही घातलेलं असूनही तो चाकाखालीच जातो. बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी त्यांच्या साइटवर जुन्या टाइपचा हायड्रा बंदच केलाय, ऑपरेटरला पुढचं नीट दिसेल अशा केबिनची मॉडेल्स मार्केटमध्ये आहेत. तेही नसेल परवडत तर मालाला लांब दोऱ्या बांधा, दोरी धरणारा बाजूला आणि लांब उभा राहील, गाडीच्या पुढे कोणीच नाही. दोरीला किती पैसे लागतात हो? पण दोरी बांधायला पाच मिनिटं लागतात आणि "पटकन उचल, मिक्सर येऊन उभा आहे" असं सुपरवायझर ओरडत असतो.

ड्रायव्हरला कुठलं दिसत नाही हे समजून घ्यायला एक साधा प्रयोग आहे. सुट्टीच्या दिवशी गाडी मोकळ्या जागेत उभी करा, ड्रायव्हर सीटवर बसवा, आणि एक माणूस गाडीभोवती फिरवा. ड्रायव्हर म्हणेल "दिसत नाही" तिथे चुना टाका, म्हणेल "दिसतोय" तिथे थांबा. अर्ध्या तासात गाडीभोवती पांढरा घेर तयार होतो, आणि तो बघितल्यावर साइटवरच्या सगळ्यांना, ड्रायव्हरसकट, धक्का बसतो की अख्खा माणूस आरामात मावेल एवढी जागा आंधळी आहे. कुठल्याही पीपीटीपेक्षा हे भारी. आणि मालकाने स्वतः त्या सीटवर बसावं, ही माझी अट.

मशीनचं तत्त्व वेगळं नाही, हलणारी वस्तू आणि माणसाचा हात एका जागी एका वेळी येऊ द्यायचे नाहीत. प्रेस शॉपमध्ये दोन बटणं असतात, दोन्ही हात बटणावर असले तरच प्रेस खाली येते. एका बटणाला टेप लावून किंवा पाचर ठोकून ठेवली की एक हात मोकळा होतो, पीस जास्त निघतात. सगळ्यांना माहीत असतं, टार्गेट ठरवणाऱ्यालाही माहीत असतं, कारण ते टार्गेट दोन्ही हात बटणावर ठेवून होतच नाही. त्यापेक्षा मला जुने इलेक्ट्रिशियन मामा आवडायचे, मशीन उघडायच्या आधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचे, आता करा चालू, बघू कोण करतो ते. कुलूप आणि टॅगची जी सिस्टीम आज मोठ्या प्लांटमध्ये ऑडिटला दाखवतात ती या खिशातल्या फ्यूजचीच सुधारलेली आवृत्ती. ज्याचा हात आत आहे त्याच्याच खिशात किल्ली, एवढं एक वाक्य पुरतं.

शेतावर तर बोलायलाच नको. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे अवजारं चालवणारा मागचा फिरता दांडा, 540 आरपीएमला फिरतो म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. उपरण्याचं टोक किंवा साडीचा पदर त्यात गेला की हात सोडवायला वेळच नसतो. गार्ड कंपनीतून लावूनच येतो, पहिल्या सीझनला ग्रीसिंगला आडवा येतो म्हणून काढतात आणि तो गोठ्यात पडून राहतो. ब्लोअर असो, मळणीयंत्र असो, कथा तीच.

आणि आपल्या कांदा मार्केटला कोणी "वर्क साइट" म्हणत नाही पण ती आहेच. लासलगाव घ्या, पिंपळगाव घ्या, सीझनला ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगाच्या रांगा, त्या रांगांमधून व्यापारी, मापारी, हमाल, शेतकरी असा घोळका लिलाव पुकारत पुढे सरकतो, आणि ज्याचा लिलाव झाला तो ट्रॅक्टर लगेच रांगेतून बाहेर निघून काट्याकडे पळतो कारण त्याला पुढे व्यापाऱ्याच्या खळ्यावर नंबर लावायचा असतो. म्हणजे चालणारी गर्दी आणि निघणारी गाडी एकाच गल्लीत, एकाच मिनिटाला. हमालांसाठी 1969 चा माथाडी कायदा आहे, मजुरी आणि लेव्हीवरून त्याच्यावर किती भांडणं झाली ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण रांगेतून गाडी कधी काढायची यावर कधी भांडण झालेलं निदान मी तरी ऐकलं नाही. एक अख्खी रांग पुकारून झाल्याशिवाय त्या रांगेतलं इंजिन सुरू करायचं नाही, हा नियम करायला एक पैसा लागत नाही.

आता लोक काय म्हणतात ते बघू. पहिलं उत्तर असतं जागा नाही. अंबडच्या छोट्या गाळ्यात वेगळी वाट कुठून आणणार? बरोबर आहे, नाही आणता येत. पण घड्याळ तर सगळ्यांकडे आहे. शिफ्ट सुटताना आणि भरताना पंधरा मिनिटं एकही फोर्कलिफ्ट हलणार नाही, किल्ल्या सुपरवायझरच्या टेबलावर. ट्रक लोडिंगला लागला की ड्रायव्हरची किल्ली स्टोअरवाल्याकडे, माल भरून सगळी माणसं खाली उतरली की किल्ली परत. यामुळे एक अपघात तर नक्की बंद होतो, लोडिंग चालू असताना ड्रायव्हरला वाटलं झालं आणि त्याने गाडी काढली आणि मागे फळीवर उभा असलेला माणूस पडला, असले प्रकार.

दुसरं उत्तर, कामगार ऐकत नाहीत. पिवळे पट्टे मारलेत, रेलिंग केलंय, तरी ते मधूनच जातात. इथे मी मालकाला विचारीन की पट्टे मारताना तुम्ही लोक कुठून चालतात ते बघितलं होतं का? गेटपासून कॅन्टीनला जायचा सरळ रस्ता लोडिंग बेमधून जातो आणि तुमचे पट्टे शेडला वळसा घालून जातात, जेवायला सुट्टी अर्धा तास, त्यात हात धुवायची रांग. माणूस सरळच जाणार. पट्टा तिथे मारा जिथून लोक जातात आणि गाडीला वळसा घालायला लावा, गाडीला भूक लागत नाही. आणि ज्या प्लांटमध्ये मॅनेजर साहेब स्वतः फोनवर बोलत लोडिंग बेमधून जातात तिथे पट्ट्याचा विषयच संपला.

"ठेकेदाराचा माणूस होता" हे तिसरं. हे उत्तर मला सगळ्यात जास्त चीड आणतं. गाडी ट्रान्सपोर्टरची, ड्रायव्हर त्याच्या ओळखीतला, हमाल लेबर कॉन्ट्रॅक्टरचे, आणि जागा तुमची, त्यामुळे त्या जागेत तिघं पहिल्यांदा एकमेकांना भेटतात. कोणाला कोणाचे इशारे माहीत नाहीत. हे तिघं एकत्र आणणारा एकच माणूस आहे, तुम्ही.

आणि खर्च. ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, नसलेल्या कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर भरपाईचं गणित कायद्याने ठरलेलं आहे, पगाराच्या निम्मे गुणिले वयाचा फॅक्टर. 2020 पासून पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात आणि तिसाव्या वर्षी फॅक्टर 207.98, गुणाकार करा, 15 लाख 59 हजार 850 रुपये येतात. बायको, दोन पोरं, म्हातारे आईबाप, आणि हे एकदाच. त्यातही ठेकेदाराने तो माणूस हजेरीवर दाखवला असेल तर. आता याच्यासमोर रिव्हर्स कॅमेऱ्याचे काही हजार ठेवा, बेजवळच्या लोखंडी रेलिंगचे ठेवा. मला पैशात जीव मोजायला आवडत नाही, पण ज्यांना पैशातच समजतं त्यांनी निदान हे तरी समजून घ्यावं.

देशाचा आकडा सांगायचा तर 2017 ते 2020 या काळात नोंदणीकृत कारखान्यांतच सरासरी रोज तीन कामगार मेले. फक्त नोंदणीकृत कारखान्यांत. बांधकाम, रस्ते, मार्केट यार्ड, शेतं यात धरलेली नाहीत. ब्रिटनमध्ये 2023-24 ला सगळ्या क्षेत्रांत मिळून 138 कामगार कामावर मेले, त्यातले 25 चालत्या गाडीच्या धडकेने, म्हणजे उंचावरून पडण्याच्या खालोखाल गाडीच. कामाच्या जागी माणसं आणि गाड्या दोन्ही सुरक्षित फिरतील अशी रचना मालकाने करायची हे तिथे 1992 पासून कायद्यात लिहिलेलं आहे, आणि तरीही 25. मग जिथे रचनेचा विचारच नाही तिथे काय असेल.

नवीन कायदा आलाय हे खरं. 21 नोव्हेंबर 2025 पासून कामगार कोड लागू झाले, त्यात कारखान्याला सेफ्टी ऑफिसर ठेवायची मर्यादा 1,000 कामगारांवरून 500 वर आली, बांधकामाला 250. चांगलं आहे. पण त्याच कोडमध्ये वीज वापरणारा कारखाना म्हणजे निदान 20 माणसं अशी व्याख्या झाली, आधी मूळ कायद्यात 10 होती. आपल्या एमआयडीसीतल्या किती शेडमध्ये 500 माणसं आहेत? बहुतेक ठिकाणी पंधरा, पंचवीस, चाळीस. म्हणजे सेफ्टी ऑफिसर जिथे आधीच होता तिथे अजून पक्का झाला आणि जिथे नव्हता तिथे विषयच संपला. यावर उपाय मुंबई-दिल्लीतून येईपर्यंत थांबायची गरज नाही, निमा आणि आयमासारख्या उद्योजकांच्या संघटना नाशकात आहेत, दहा-बारा छोट्या युनिटनी मिळून एक सेफ्टी ऑफिसर ठेवला आणि त्याला आठवड्यातून प्रत्येकाकडे अर्धा दिवस फिरवला तर प्रत्येकी पगार किती येतो ते काढून बघा. सीए असाच शेअर करतात ना सगळे.

आता खरा मुद्दा, कुंभमेळा. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण आणि 2 ऑगस्ट 2027 ला पहिलं अमृतस्नान, तारखा जाहीर आहेत आणि तारीख पुढे ढकलायची सोय नाही, ग्रहांना एक्स्टेन्शन मागता येत नाही. म्हणून रस्ते, पूल, घाट, पाइपलाइन सगळं एकदम खोदायला निघालंय आणि रात्रंदिवस चालतंय. आणि घाईचं काम कसं होतं ते 31 जुलै 2023 च्या रात्री शहापूरजवळ समृद्धीच्या पुलावर आपण बघितलंय, गर्डर लाँचर, म्हणजे पुलाचे गर्डर चढवणारं यंत्र, कोसळून 20 जण गेले. तो मशीनचा विषय वेगळा, तपशील वेगळे, पण मध्यरात्र, उंचावर जड यंत्र आणि खाली माणसं, हे सगळं आपल्या ओळखीचं आहे.

रस्त्याच्या कामावर रात्री एकदा नीट बघा. डांबराचा हायवा पेव्हरला, म्हणजे डांबर पसरवणाऱ्या मशीनला, माल द्यायला रिव्हर्स येतोय आणि दोघांच्या मध्ये एक माणूस हात हलवत उभा. पलीकडे बाया घमेल्याने खडी टाकतायत, पाठ रोलरकडे. कडेला झोळीत लेकरू. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात 50 पेक्षा जास्त महिला असतील तर पाळणाघर लिहिलेलं होतं, पण साइटचे तुकडे करून दिले की कुठल्याच तुकड्यात 50 होत नव्हत्या. आणि चालू ट्रॅफिक आणि कामगार यांच्यामध्ये काय असतं? झाडाची फांदी, लाल चिंधी, फारतर दोन प्लास्टिकचे कोन. आयआरसीचं, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसचं, एसपी 55 म्हणून मार्गदर्शक आहे, 2014 ची आवृत्ती आहे, लांबून सूचना कुठे, लेन कुठून अरुंद करायची, काम किती भागात, शेवट कुठे, सगळं चित्रासकट. द्वारका चौकातून रात्री जाऊन बघा आणि ती चित्रं आठवा. त्यात डंपरवाल्यांना पैसे खेपेवर, जितक्या खेपा तितके पैसे, मग तो सावकाश का चालवेल? खेपेचा रेट बंद करून तासावर पैसे द्या, स्पीडचं अर्धं दुखणं तिथेच कमी होतं.

आणि हे नाशिकला जमणार नाही असं कोणी म्हणू नये. 2003 च्या कुंभात चेंगराचेंगरी झाली, 30 च्या वर भाविक गेले. त्यानंतर 2015 ला या शहराने काय केलं? "भाविकांनी काळजी घ्यावी" असं सांगून सोडून दिलं नाही. येण्याचा मार्ग वेगळा, परतीचा वेगळा, बाहेरच्या गाड्या शहराबाहेरच्या पार्किंगला, बॅरिकेड, चालत जाण्याचे रस्ते आखलेले. लाखो लोक आले, नाहले, गेले, चेंगराचेंगरी झाली नाही. वाटा वेगळ्या करणं हेच तर ते काम, आणि ते आपल्याच लोकांनी केलं. भाविकांसाठी आखता येतं तर त्यांच्यासाठी घाट बांधणाऱ्याला का नाही?

अडचण टेंडरमध्ये आहे, आणि तिथेच बोट ठेवायला पाहिजे. बऱ्याच टेंडरमध्ये सुरक्षा ही वेगळी आयटम नसते, कामाच्या रेटमध्येच धरलेली आहे असं एक वाक्य असतं. म्हणजे काय, तर दोन कंत्राटदारांपैकी ज्याने खरोखर बॅरिकेड, दिवे, फ्लॅगमन, वेगळी पायवाट धरून रेट भरला तो महाग ठरतो आणि ज्याने काहीच धरलं नाही तो लोएस्ट म्हणून काम घेतो. प्रामाणिक माणसाला हरवणारी पद्धत आपणच केलीये आणि नंतर ठेकेदार असेच असतात म्हणून बोंबलायचं. त्यापेक्षा सुरक्षेच्या आयटम बीओक्यूमध्ये, म्हणजे टेंडरमधल्या कामांच्या आणि मापांच्या यादीत, वेगळ्या लिहा, रेट खात्याने आधीच ठरवून द्या, त्यावर स्पर्धाच नको. बॅरिकेड इतके मीटर, रात्रीचे दिवे इतके, प्रत्येक शिफ्टला सिग्नल देणारा शिकलेला माणूस इतके, ट्रॅफिक आणि कामगार यांच्यामध्ये काँक्रीटचे ब्लॉक इतके. डांबर जसं मेजरमेंट बुकात मोजून बिल निघतं तसं हेही मोजा, जागेवर असेल तेवढ्याचंच बिल, नसेल तर शून्य. ज्युनिअर इंजिनिअरला टेप घेऊन खडीची जाडी मोजता येते, मग बॅरिकेडची लांबी मोजायला काय हरकत आहे. कुंभाची जी कामं अजून निघायची आहेत त्यांच्यात ही पानं आजही घालता येतील, आणि जी चालू आहेत त्यांच्यात एक्स्ट्रा आयटम म्हणून घालता येतील, एक्स्ट्रा आयटम मंजूर करायची कला आपल्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही.

जाता जाता अजून एक, विजयी मिरवणुकीत जेसीबीच्या बकेटमध्ये कार्यकर्ते उभे करून गुलाल आणि फुलं उधळायचं जे फॅड आलंय ते बंद करा राव. बकेट माणसं उचलायला नाही हे आपण साइटवरच्या पोराला सांगायचं आणि त्याच संध्याकाळी त्याने चौकात साहेबांनाच बकेटमधून हात हलवताना बघायचं, मग तो दुसऱ्या दिवशी लाइट लावायला बकेटमध्येच चढतो.